पेठेतली मधली खूण

गुरुनाथप्पांना इतिहास आवडत नव्हता. दर रविवारी सकाळी सात वाजता पेठेच्या वेशीपाशी उभं राहून जमलेल्या सात-आठ माणसांना जुनं गाव दाखवायला नेणाऱ्या माणसाबद्दल हे लिहिताना विचित्र वाटतं, पण ते खरं आहे. कुणी विचारलं, "अप्पा, ही वेस कुणी बांधली?" तर ते म्हणायचे, "गवंड्यानं." मग वर न बघताच, "उंची सतरा फूट, रुंदी अकरा. कडब्याची गाडी अडकायची. चला."

गावाचं नाव मी लिहीत नाही. उदगीरच्या पलीकडे, जिथं भाजीवाली कानडीत मोजते आणि मराठीत भांडते, असं एक गाव. तिथल्या नव्या इंग्रजी शाळेत मी दोन वर्षं शिकवायला होते. मी नांदेडची. ओळखीचं कुणी नव्हतं आणि ओळख करून घ्यायची मला सवय नाही. मुख्याध्यापकांनी पालकांसाठी 'वारसा फेरी' सुरू केली तेव्हा शिक्षकांपैकी कुणीतरी जायला हवं म्हणून मला पाठवलं. तिथं बोलावं लागत नाही, नुसतं मागून चालायचं, हे कळल्यावर मी दर रविवारी जायला लागले.

अप्पा सत्तरीच्या अलीकडचे. उंच, काटकुळे, इस्त्रीचा पांढरा सदरा, खांद्याला चामड्याच्या गोल डबीतला जुना टेप. सरकारी मोजणीदार म्हणून आयुष्य काढलेलं. त्यांचं एक पाऊल बरोबर अडीच फुटांचं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. चालताना बोलत असले तरी आत मोजणी चालूच असायची. मध्येच थांबून म्हणायचे, "वेशीपासून चारशे दहा फूट. हितं पूर्वी लोहाराचा भाता होता." दुसरी एक सवय मला फार उशिरा समजली. हाताला लागेल ती पांढरी भुकटी, मग ते पीठ असो की आमच्या शाळेतल्या खडूची धूळ, ते अंगठा आणि बोटामध्ये घेऊन चोळून बघायचे. चोळायचे, जरा थांबायचे आणि हात झटकायचे.

मला ते 'टीचरबाई' म्हणायचे. मी मागून वहीत आकडे लिहून घ्यायची. एकदा ते म्हणाले "एकोणसाठ" आणि मी लिहिलं ६९. वहीत डोकावून म्हणाले, "टीचरबाई, दहा फूट वाढिवले की ओ तुम्ही. तुमच्या शाळंत मराठी आकडे फी भरल्यावर शिकवत्यात का?" सगळे हसले. मीही हसले. त्यानंतर ते मला आकडा सांगून झाला की हळूच बोटांनी दाखवायचे, कुणाला दिसू नये असे.

फेरीला पालकांपेक्षा बाहेरचेच लोक जास्त यायचे, तऱ्हेतऱ्हेचे. स्पर्धा परीक्षेची पोरं, नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुना, कधी लातूरहून आलेलं एखादं कुटुंब. त्यांना राजा, लढाई, भुयार हवं असायचं. एकदा एक पोरगा अडूनच बसला.

"अप्पा, हितून उदगीरच्या किल्ल्यापर्यंत भुयार हाय म्हणं?"

"हाय."

"मंग दाखवा की."

"तू जा पुढं. मी हितं टेपचं टोक धरून थांबतो. पोचलास की वढ."

आणखी कुणी विचारलं की अमुक राजा ह्या पेठेतून गेला होता म्हणे, तर अप्पा म्हणायचे, "गेला असंल एकदा. ह्या रस्त्यानं बायका रोज पाण्याला गेल्या. मंग रस्ता कुणाचा?"

पण दाखवायचे ते काय? पहिल्या दिवशी मला कळेचना. पेठ म्हणजे एक सरळ, रुंद, डांबरी रस्ता होता. दोन्हीकडे मोबाइलची दुकानं, बी-बियाणं, फ्लेक्स. अप्पा एका भिंतीसमोर थांबले. भिंत निळ्या रंगाची, तिच्यात तीन कोनाडे, एका कोनाड्याभोवती तेलकट काळा डाग, वर कॅलेंडरचा खिळा.

"घराला भाईरून निळा रंग कोण देतं का?" त्यांनी विचारलं.

सगळे भिंतीच्या जवळ सरकले.

"ही भाईरची भिंत न्हवं. आतली हाय. हा देवाचा कोनाडा. वीज मंडळानं आता त्याच्यात मीटर बसिवलाय." मग माझ्याकडे वळून, "आन् टीचरबाई, तुम्ही उभ्या हाव ते स्वैपाकघर."

मी नकळत बाजूला झाले. माझ्या मागून एक ट्रॅक्टर गेला.

त्यानंतर मला ती पेठ तशीच दिसायला लागली. अकरा वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला तेव्हा दोन्ही बाजूंची घरं अर्धी कापली गेली होती आणि उरलेल्या अर्ध्यांत लोक राहत होते. माजघरं रस्त्यावर आली होती. कुठे जिना वर जाऊन हवेत संपत होता. अप्पा प्रत्येक घर सांगायचे: ओटा किती फुटांचा, पडवी किती, किती गेलं, किती राहिलं. आवाजात हळहळ अजिबात नाही. वाण्यानं यादी वाचावी तसं.

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी एका म्हाताऱ्या कापडवाल्यानं दुकानाच्या फळीवरून हाक मारली. "आले का चुन्याचे यमराज! काय ओ अप्पा, अजून काय मोजाय राहिलं? माझी उंची घ्या मोजून, तिरडीला बांबू आणाय बरं पडंल."

अप्पांनी थांबून त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साडेपाच फूट. पण मालक, बांबू सात फुटी आणा."

म्हातारा खदाखदा हसला आणि हसता हसता त्याचा चेहरा बदलला. "सोळा खणांचं घर होतं रे माझं," तो आमच्यातल्या कुणालाच न बघता म्हणाला.

पुढे गेल्यावर अप्पांनी स्वतःहून सांगितलं. "रेघ मीच मारली. तांबड्या रंगाची. वेशीपासून स्टँडपर्यंत. साहेब जीपमधी असायचे, रंगाचा डबा माझ्या हातात." लोक एकमेकांकडे बघायला लागले. अप्पा म्हणाले, "वेशीपासून सहाशे वीस. चला."

सहाशे वीसच्या पुढे उजव्या हाताला एक घर होतं. घर म्हणजे एक खोली, वर पत्रा, दारात बसून गोधडी शिवणारी एक बाई. साठीच्या आसपासची, कपाळ मोकळं, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. त्या घरासमोर अप्पा कधी थांबले नाहीत. ना ओटा, ना पडवी, ना किती गेलं, ना किती राहिलं. पाऊल जरा लांब पडायचं, एवढंच. बाई मान वर करून म्हणायच्या, "आलाव का अप्पा?" अप्पा म्हणायचे, "हाव." आणि आम्ही पुढे गेलेलो असायचो.

हे माझ्या लक्षात आलं, पण मी विचारलं नाही. विचारणं मला जमत नाही. माझ्याकडे येणाऱ्या गोष्टी बहुतेक त्यामुळेच येतात.

पावसाळ्याच्या शेवटी मुख्याध्यापकांनी मला फेरीचा नकाशा काढायला सांगितला, छापून पालकांना द्यायला. शनिवारी दुपारी मी शाळेतला टेप आणि दोन मुली घेऊन पेठेत गेले. रस्ता सगळीकडे तीस फूट होता. पण कागदावर उतरवताना एका जागी रेघा जुळेनात. गोधडीवाल्या बाईंच्या घरापाशी सगळा रस्ताच उजवीकडे सरकलेला होता. तीस फूट रुंदी तिथंही होती, पण समोरच्या घराचा ओटा अडीच फूट वाचला होता आणि बाईंकडे अडीच फूट जास्त गेलं होतं. मला वाटलं, माझंच चुकलं. मी कागद घेऊन अप्पांच्या घरी गेले.

ते एकटेच राहत. बायको वारलेली, मुलगी हैदराबादला. कागदाकडे त्यांनी फार वेळ पाहिलं.

"तुझं न्हाई चुकलं," ते म्हणाले. त्या दिवसापासून ते मला 'तू' म्हणायला लागले. "अकरा वर्षांत हे कुणी बघितलं न्हाई. म्हंजी रोज हजार माणसं त्यावरनं जात्यात, पण बघितलं न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. मी ते इथं माझ्या शब्दांत लिहिते, कारण त्यांनी ते फार तुटक सांगितलं आणि मध्ये दोनदा उठून पाणी प्याले.

रस्ता मोजायचा तो मधून. आदल्या दिवशी अप्पांनी जुन्या रस्त्याचा मध्य काढून दर पन्नास फुटांवर चुन्याच्या फक्कीचा एकेक ठिपका घातला होता. दुसऱ्या दिवशी त्या ठिपक्यापासून दोन्ही अंगांना पंधरा-पंधरा फूट मोजून भिंतींवर तांबडी रेघ मारायची होती. त्यातला एक ठिपका सुलोचनाबाईंच्या दारासमोर होता. सुलोचनाबाई म्हणजे त्याच गोधडीवाल्या. तेव्हा त्यांचे यजमान होते, कॉलेजात जाणारा मुलगा होता, आणि माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर होतं. पहाटे त्यांनी रोजच्यासारखं अंगण झाडलं, सडा टाकला आणि ठिपका पुसला गेला. मग त्यांच्या लक्षात आलं की ही सरकारी खूण होती. बाई घाबरल्या. आणि त्यांनी घरातली रांगोळी आणून ठिपका परत घातला.

"पण घालताना तिच्या मनात आलं," अप्पा म्हणाले, "की आपुन खूण सरकवली असं कुणी म्हणाय नगं. घर वाचवाय समोरच्याकडं ढकलली, असा आळ नगं. म्हून तिनं दीड-दोन हात जास्तीची आपल्याकडंच घातली. आपल्या दाराकडं."

मी कागदावरची ती वाकडी रेघ पुन्हा पाहिली.

"मी आलो. बसलो. ठिपक्याला बोट लावलं. फक्की पिठागत मऊ असती. ही खरखर लागली. रांगोळी." ते अंगठा आणि बोट चोळत होते, मध्ये काही नसताना. "तिथंच कळलं मला. ही माझी खूण न्हवं. खिशात वही होती. आदल्या दिवशीचे आकडे होते त्यात. पुन्ना वेशीपासून दोरी धरायची म्हंजी अर्धा दिवस जाणार. साहेब जीपमधून हॉर्न वाजवून राहिले होते. मी म्हणलं, बाईनं घातलाय ठिपका. कुणी बाई आपल्या घराच्या अंगाला सरकवून घालंल का? मंग असंल बराबर. आन् धरला टेप."

बरोबर मोजलं असतं तर सुलोचनाबाईंचा ओटा आणि पडवी गेली असती. पडवीमागची जाड भिंत, जिच्यावर माळवदाच्या तुळया होत्या, ती रेघेच्या मागे अर्ध्या फुटानं वाचली असती. अडीच फुटांनी ती भिंत गेली. तुळयांना लाकडाचे टेकू देऊन माणसं आत राहत होती. अठराव्या दिवशी यजमान सागवानी दार काढायला आत गेले आणि माळवद खाली आलं. माती उपसायला दुपार झाली.

माती द्यायच्या वेळी सुलोचनाबाई सगळ्यांसमोर रडून बोलल्या. खूण मीच पुसली, मीच चुकीची घातली, माझ्याच हातानं झालं. मुलगा महेश तिथंच उभा होता. आणि गर्दीत मागे अप्पाही उभे होते.

"तवाच तोंड उघडाय पायजे होतं," अप्पा म्हणाले. "रांगोळी हाय हे मला ठाऊक होतं, वही माझ्या खिशात होती, एवढंच म्हणायचं होतं. दोन वाक्यं. पण सगळे तिच्याकडं बघून राहिले होते. माझ्याकडं कुणीच बघत न्हवतं. मी चपला घातल्या आन् घरी आलो."

महेश बापाचं दिवसकार्य उरकून नांदेडला गेला तो परत आला नाही. आईशी बोलला नाही. लग्नाला तिला बोलावलं नाही. पेठेत आजही सुलोचनाबाईंचं नाव निघालं की बाया म्हणतात, "तीच ती, खूण सरकवलेली."

"फेरीचं मला सरांनी इचारलं तवा मी लगेच हाव म्हणलो," अप्पा म्हणाले. "त्या दिवसापासून तवर मी त्या पेठंत पाय ठिवला न्हवता. वाटलं, दर रविवारी तिच्या दारापुढनं जायचं, संगं माणसं असतील, कवातरी तोंड उघडंल. एकट्यानं व्हत न्हाई. पण माणसं असली तरी पाय तिथं थांबतच न्हाईत."

"मला का सांगताय?" मी विचारलं. एवढंच मी त्या दुपारी बोलले.

"तू बोलत न्हाईस म्हून."

ते खरं होतं. नकाशात मी ती जागा सरळ दाखवली. तसाच तो छापला गेला. पुढचे पाच रविवार मी अप्पांच्या मागून त्या घरापुढून गेले, सुलोचनाबाईंनी "आलाव का?" म्हटलं आणि मी खाली बघितलं.

सहाव्या रविवारी फेरी संपल्यावर अप्पा म्हणाले, "थांब जरा." आणि माझ्यासह परत फिरले. लोक निघून गेले होते. सुलोचनाबाई सुईत दोरा ओवत होत्या. अप्पा त्यांच्यासमोर रस्त्यावरच उकिडवे बसले आणि सगळं सांगितलं. रांगोळी, बोट, वही, हॉर्न. मला सांगितलं होतं त्याहून कमी शब्दांत. बाईंनी दोरा ओवला, गाठ मारली, सुई गोधडीत खोचून ठेवली.

"अप्पा, हे मला कशाला सांगून राहिलाव?" त्या अखेर म्हणाल्या. "मला काय त्याचं? मी खूण पुसली ते पुसलीच. माणूस गेला तो गेलाच." त्यांनी चष्मा काढला. "माझ्या महेशला सांगा. मला पोरगं पायजे. दुसरं तुमच्याकडनं मला काय नगं."

दिवाळीच्या सुटीत मी घरी निघाले तेव्हा अप्पा माझ्याच बसमध्ये होते. मुखेड, कंधार करत आम्ही नांदेडला पोचलो. वाटेत त्यांनी एकदाही कुठलं अंतर सांगितलं नाही. महेशचा पत्ता त्यांच्याकडे होता. कोर्टाजवळ एका गाळ्यात त्याचं टायपिंगचं दुकान होतं. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, झेरॉक्स. "तू ये," अप्पा म्हणाले, "मी मधीच उठून आलो तर मला आत ढकल."

महेश तिशी ओलांडलेला, नीटनेटका, डोळे सुलोचनाबाईंचे. त्याला वाटलं, गिऱ्हाईक आहे. अप्पांनी गावाचं नाव सांगितलं तेव्हा त्याचे हात थांबले. पण त्यानं ऐकून घेतलं. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं कीबोर्ड पुढे ओढला. मग म्हणाला, "असं तोंडी नाही चालत, अप्पा. मी रोज माणसांचं खरं-खोटं टाइप करतो. सांगा पुन्हा. टाइप करतो. सही करा."

"हाव. कर."

अप्पा सांगत गेले. नाव, वय, धंदा निवृत्त. महेशची बोटं भराभर चालत होती, दुसऱ्या कुणाच्या घराचं लिहावं तशी. 'सदर खूण रांगोळीची आहे हे मला त्याच वेळी समजले होते.' 'आदल्या दिवशीची मोजमापे माझ्या खिशात असूनही मी ताडून पाहिली नाहीत.' तुळया आल्या, टेकू आले, अठरावा दिवस आला. बापाचं नाव त्यानं न अडखळता टाइप केलं.

"आता लिही," अप्पा म्हणाले, "यात श्रीमती सुलोचनाबाई यांचा काही दोष नाही."

बोटं थांबली.

"हे राहू द्या," महेश म्हणाला.

"त्याच वाक्यासाठी आलोय मालक. बाकीचं न्हाई लिहिलं तरी चालंल."

"राहू द्या म्हटलं ना." त्याचा आवाज वर गेला. शेजारच्या गाळ्यातला वकील डोकावला. महेशनं आवाज खाली आणला. "अकरा वर्षं मी तिच्या हातचं पाणी प्यालो नाही. माझ्या पोरीला आजी हाय हे तिला माहीत नाही. हे वाक्य टाइप केलं तर ती अकरा वर्षं मी कुठं ठेवू? तुम्ही सही करून बसनं गावाला जाल. मी कुठं जाऊ?"

अप्पा टेबलाची कड धरून बसले होते. महेशनं एक बटण दाबलं आणि सगळा मजकूर गेला. पांढरी स्क्रीन राहिली.

"पुढचं कोण हाय?" त्यानं बाहेर बघून विचारलं.

आता मी नांदेडातच नोकरी करते. माझा रोजचा रस्ता त्या गाळ्यावरून जातो. दुकान चालू असतं. मी आत गेलेले नाही.

दिवाळीनंतर अप्पा बदलले. पहिल्याच रविवारी ते सुलोचनाबाईंच्या घरासमोर थांबले आणि मोठ्यानं सांगायला लागले. ओटा तीन फूट, पडवी आठ. किती जायला हवं होतं, किती गेलं, का गेलं. रांगोळी, बोट, वही. "ह्यात बाईचा दोष न्हाई, माझा हाय," हे ते शेवटी म्हणायचे. सुलोचनाबाई दारातच असायच्या. पहिल्या वेळी त्यांनी मान वर करून पाहिलं. नंतर नाही.

मी अप्पांना विचारलं, आता कशासाठी? ते म्हणाले, "माणसं ऐकत्यात. आपापल्या घरी सांगत्यात. कवातरी नांदेडला पोचंल. माझ्या तोंडून त्याला नगं असंल, तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकंल."

ते पसरलं, पण अप्पांना वाटलं होतं तसं नाही. कुणीतरी मोबाइलवर त्यांचं बोलणं टिपलं आणि ते गावभर फिरलं. फेरीला वीस-पंचवीस माणसं यायला लागली. वेशीपाशी, निळ्या भिंतीपाशी ती चुळबुळत राहायची आणि विचारायची, "ते घर कवा येणार?" सुलोचनाबाईंच्या दारात फोन वर व्हायचे. एक बाई गोधडीचा कोपरा हातात घेऊन म्हणाली, "ह्याच का त्या?" दुसरीनं विचारलं, "मावशी, माळवद पडलं तवा तुम्ही कुठं होताव?" सुलोचनाबाई म्हणाल्या, "चुलीपाशी." आणि ती बाई मागे वळून नवऱ्याला म्हणाली, "चुलीपाशी होत्या म्हणे." पेठेतले जे लोक आजवर त्यांना दोष देत होते, ते आता त्यांची कीव करायला लागले. दोन्हींत त्यांच्या दारापुढची गर्दी तीच होती. महेश मात्र आला नाही.

मी अप्पांना हे सांगू शकले असते. मी सगळ्यांत मागे होते, मला बाईंचा चेहरा दिसायचा. मी सांगितलं नाही.

फेब्रुवारीतला रविवार. ऊन तापायला लागलं होतं. अप्पा नेहमीप्रमाणे उभे राहिले. ओटा तीन फूट, पडवी आठ. ते रांगोळीपर्यंत आले आणि सुलोचनाबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. गर्दीतले फोन वर झाले.

"अप्पा," त्या म्हणाल्या, "बास करा."

"बाई, मी तुमच्यासाठीच..."

"दर रविवारी ती भिंत पाडून राहिलाव तुम्ही." आवाज चढलेला नव्हता. "अकरा वर्षांत एकदा पडली होती. आता दर रविवारी पडती. शनिवारपासून मला जेवण जात न्हाई. मी म्हणलं होतं, पोरगं आणून द्या. न्हाई जमलं तर राहू द्या. पण त्यांना पुन्ना पुन्ना मातीखाली घालू नका."

त्यांनी गोधडी गोळा केली, आत गेल्या आणि दार लावलं. पत्र्याचं दार होतं. कडी दोनदा घसरली, तिसऱ्यांदा बसली.

अप्पा दाराकडे बघत राहिले. गर्दीतल्या कुणीतरी हळू आवाजात विचारलं, "अप्पा, पुढं काय हाय?"

"पुढं काय न्हाई," अप्पा म्हणाले. "रस्ता हितंच संपला."

पुढे रस्ता सरळ स्टँडपर्यंत दिसत होता. भाजीचे गाडे, रिक्षा, उदगीरची बस. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी हसलं, कुणी फोन खिशात टाकला, आणि दोन-तीन मिनिटांत सगळे पांगले. मी तिथंच थांबले. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. त्यांनी खांद्याचा टेप काढला, तो कुठं ठेवावा हे न कळल्यासारखा या हातातून त्या हातात घेतला, आणि वेशीच्या दिशेनं परत निघाले.

ते रस्त्याच्या मधून चालले होते. मागून बस आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, पुन्हा दिला, मग खिडकीतून डोकं काढून ओरडला, "ओ म्हातारबा, कडंला व्हा की!" अप्पा कडेला झाले नाहीत. त्यांचं पाऊल लांबलंही नाही, आखडलंही नाही. बस त्यांच्या मागे पायी चालल्यासारखी रेंगाळत राहिली आणि दोन्ही बाजूंच्या दुकानांतले लोक बाहेर येऊन बघायला लागले.